इस्त्रीघरातलं भांडण

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी कर्मचारी संबंध अधिकारी! बावीस वर्षं याच हॉस्पिटलच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये पेशंटांच्या फायली लावल्या. फायलींचं एक बरं असतं, त्या एकमेकींशी भांडत नाहीत. आता माणसांची भांडणं मिटवायची. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, एक निळी पुस्तिका मिळाली आणि खिडकी असलेली खोली मिळाली. नेमणूक तूर्त तात्पुरती आहे. कायम करायचं की पुन्हा तळघरात धाडायचं, ते मार्चअखेर ठरेल.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी, स्वतः बोलावून चहा पाजला. म्हणाले, "पहिलंच काम सोपं देतो. लाँड्रीच्या इस्त्रीघरात दोन बायका उरल्यात. तीन महिने एकमेकींविरुद्ध तक्रारी करून बसल्यात. तेवढं मिटवा. नवं मशीन महिनाअखेर लागतंय, बाकी सहाजणी डिसेंबरातच कमी केल्या. या दोघींचंच काय ते अडलंय."

मला खरंच भरून आलं. एवढा कामाचा रगाडा, आणि हा माणूस दोन साध्या बायकांच्या अबोल्याची काळजी करतो!

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मी कालपासून तुमच्याशी बोलत नाहीये, ते आलं का लक्षात?"

म्हटलं, "का गं?"

"तेही तुम्हीच शोधून काढा, अधिकारीसाहेब."

अजून सापडलेलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुस्तिका वाचली. भाषा अशी की वाचणाऱ्याचंच कोणाशी तरी भांडण व्हावं. कलम चौदा तेवढं समजलं: वाद प्रलंबित असेपर्यंत त्यातल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येणार नाही की हलवता येणार नाही. चांगलं कलम आहे. कोणी सूड म्हणून कोणाची नोकरी घालवू नये, यासाठी असणार. लाल पेन्सिलीने खूण केली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

इस्त्रीघर पाहिलं. लांबलचक खोली, मधोमध तो तापलेला रोलर, सगळीकडे वाफ आणि धुतलेल्या कापडाचा वास. इस्त्रीवाल्या बाई एका बाजूने ओलसर चादर रोलरमध्ये घालतात, घडीवाल्या बाई पलीकडून झेलतात. मग दोघी दोन-दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहतात, ताणतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, एकीच्या हातातली टोकं दुसरीच्या हातात जातात. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मी घड्याळ लावून पाहिलं. एका चादरीला अकरा सेकंद. दोघींच्यात एक शब्द नाही, एक नजरसुद्धा नाही, आणि घडी अशी की पट्टीने आखल्यासारखी सरळ.

मी चक्रावलो. आमच्या घरी आम्ही दोघं गुण्यागोविंदाने नांदतो, तरी चादर घडी घालताना हमखास वाकडी जाते आणि वर ऐकून घ्यावं लागतं.

मुकादमाला विचारलं, "या खरंच बोलत नाहीत?"

तो छताकडे बघत म्हणाला, "साहेब, आम्ही कपडे मोजणारी माणसं. आम्हाला काय कळतंय."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिली सुनावणी. मी समोरचे कागद तीनदा सरळ केले, त्या दोघी मात्र निवांत.

इस्त्रीवाल्या बाई किडकिडीत, सावकाश बोलणाऱ्या. त्यांची तक्रार: एकुलतं एक स्टूल घडीवाल्या बाई बळकावतात. घडीवाल्या बाई आडव्या बांध्याच्या, तोंडाने फटकळ. त्यांची तक्रार: "ही मला मुद्दाम गरम चादर देते. हात भाजतात माझे."

"रोलरमधून चादर गरमच येणार ना?" मी विचारलं.

"तसं नाही साहेब. हिच्या हातून आली की जास्त गरम येते."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुस्तिकेत म्हटलंय, कोणाच्याही भावनेला हसू नये.

मग इस्त्रीवाल्या बाईंना एकट्यांना बसवून घरची विचारपूस केली. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची आहे. तो इथेच वॉर्डात आहे, ऑपरेशनची तारीख वीस मार्च. कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांची जी यादी असते, तिच्यात मोठ्या मुश्किलीने नंबर लागलाय. "मी कामावर आहे तोवर नाव यादीत," त्या म्हणाल्या. "काम गेलं की नाव गेलं. मग बाहेरच्या यादीत दीड वर्ष थांबा. डॉक्टर म्हणतात, तेवढं थांबायला तो माणूस उरणार नाही."

मला फार वाईट वाटलं. आणि भांडणाचं मूळही सापडलं. घरच्या काळजीने बाईंचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून त्या स्टुलासारख्या फालतू गोष्टीवरून चिडतात! ताण हे वादाचं मूळ असतं, असं प्रशिक्षणात सांगितलंच होतं. जाताना त्यांनी विचारलं, "साहेब, पुढची तारीख वीस मार्चनंतरची मिळेल का?"

मी म्हटलं, "छे छे, इतके दिवस तुम्हाला त्रासात कशाला ठेवू? बुधवारी या."

बाईंचा चेहरा पडला. का, ते कळलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

रेकॉर्ड रूममधलं माझं जुनं स्टूल स्वतः उचलून इस्त्रीघरात नेऊन ठेवलं. आता दोघींना दोन स्टुलं. प्रश्न मिटला!

मिटला कसला. घडीवाल्या बाई म्हणाल्या, "नवीन स्टूल तिला का? मी काय सावत्र आहे?"

म्हटलं, "बरं, नवीन तुम्ही घ्या."

लगेच इस्त्रीवाल्या बाई, "म्हणजे जी जास्त ओरडते तिचं ऐकणार तुम्ही?"

दोघींना सारखीच स्टुलं मागवली, तर खिडकीचं निघालं. एकीला उघडी हवी, एकीला बंद. दोन तास गेले. शेवटी मीच खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती खिडकी उघडतच नाही! रंगाच्या थरांनी कायमची चिकटली आहे.

"मग भांडताय कशावरून?" मी विचारलं.

दोघींनी खिडकीकडे पाहिलं. मग घडीवाल्या बाई म्हणाल्या, "उघडली असती तर, साहेब. तत्त्वाचा प्रश्न आहे."

डोक्याचा पार भुगा झाला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी विचारलं, कुठवर आलं. मी खिडकीचं सांगितलं. ते हसले नाहीत. टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "अठ्ठावीस तारखेच्या आत संपलं पाहिजे. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मीच शेरा लिहायचा असतो, माहितीये ना?" मग खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच बोललो हो."

विश्वास आहे म्हणाले. तरी खोलीत येऊन मी कॅलेंडरवरचे उरलेले दिवस दोनदा का मोजले, कोण जाणे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज जे पाहिलं त्याने मती गुंग झाली. एक सही घ्यायला पुरुषांच्या वॉर्डात गेलो होतो. कोपऱ्यातल्या खाटेवर इस्त्रीवाल्या बाईंचा नवरा, आणि त्याच्या शेजारी बसून त्याला चमच्याने भात भरवतंय कोण? घडीवाल्या बाई! वर दमदाटी चालू होती, "गिळा मुकाट्याने. ती गठ्ठे पोचवायला गेलीय, तुमचे नखरे बघायला मला वेळ नाही."

मी दाराआडून परत फिरलो. वैरिणीच्या नवऱ्याला कोणी जेवण भरवतं?

संध्याकाळी बायकोला सांगितलं. (आमचा अबोला मिटला. कारण अजूनही सांगितलेलं नाही.) ती भाजी चिरता चिरता थांबली.

"अहो, त्या दोघी भांडतच नाहीयेत."

मी खुर्चीतून उडालोच. म्हणजे मिटलं की! कागदावर राहिलंय एवढंच, मनातून मिटलंय! माझ्या दोन आठवड्यांच्या खटपटीचं फळ. एवढं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी आधी पुस्तिका काढली. कलम बावीस: वाद उरलेला नाही असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर दोन्ही बाजूंच्या सह्यांविना प्रकरण बंद करता येतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. सव्वातीन पानं. वॉर्डातला प्रसंग सविस्तर घातला, वेळेसकट. शेवटचं वाक्य तर मला स्वतःलाच आवडलं: "उभयतांत आता केवळ सलोखाच नव्हे, तर बहिणींसारखं प्रेम असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे."

मोठ्या साहेबांनी उभ्याउभ्या वाचून सही ठोकली. हात हातात घेऊन दोनदा हलवला. तळघरातल्या बावीस वर्षांत त्यांनी कधी माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कसं लिहू कळत नाही.

सकाळी अकराला दोघींना पत्रं मिळाली. अठ्ठावीस तारखेपासून पदं रद्द, सेवा समाप्त. साडेअकराला मुकादम माझ्या दारात. आत आला नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "साहेब, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो एवढं चांगलं काम करायला?"

मी म्हटलं, "अहो, पण त्यांचं तर मिटलं होतं!"

"भांडण होतं म्हणून त्या कामावर होत्या," तो म्हणाला आणि गेला.

मी पुस्तिका उघडली. कलम चौदा, लाल पेन्सिलीची खूण. माझीच खूण! म्हणजे स्टूल, खिडकी, गरम चादर हे सगळं वीस मार्चपर्यंत रेटायचं होतं. त्या बाईंनी मला तोंडाने तारीख सांगितली होती. आणि मी सव्वातीन पानं लिहून त्या माणसाचं नाव यादीतून खोडून टाकलं. मी. स्वतःच्या हाताने. एवढा कसा मी बैल!

मोठ्या साहेबांकडे धावलो. "नजरचूक झाली, अहवाल मागे घेतो." ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बंद प्रकरण उघडत नाही. आणि हो, तुमच्याबद्दल चांगला शेरा लिहिलाय."

बायकोला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी माझं पूर्ण ऐकून तरी घ्यायचंत."

बुधवार, २६ फेब्रुवारी

काल रजा टाकली. आज हिंमत करून इस्त्रीघरात गेलो, माफी मागायला. रोलर चालू होता. दोघी आता उघड बोलत होत्या, लपवायचं काही उरलंच नव्हतं.

माफी मागायची सोडून माझी टकळी सुरू झाली. घाबरलो की मला नियम आठवतात. म्हटलं, "माझे हात बांधलेत हो. जुना वाद उघडता येत नाही. नवा पाहिजे, तोही नव्या कारणावरून. तुमचा आपसातला आता कोणी धरणार नाही, मीच तसं लिहून बसलोय. तिसऱ्याच कोणा कर्मचाऱ्याशी असला तर गोष्ट वेगळी. म्हणजे अपमान, अंगावर धावून जाणं, असलं काही. आणि त्याला तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. तर तात्पर्य, काहीच होऊ शकत नाही."

घडीवाल्या बाई मैत्रिणीकडे वळल्या. "ऐकलंस ना गं?"

"ऐकलं," इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या.

आणि पुढच्या क्षणी ओली चादर फाटकन माझ्या तोंडावर! चष्मा गेला, मी भिंतीवर. चादरीतून कसंबसं डोकं काढतोय तर घडीवाल्या बाई कमरेवर हात ठेवून ओरडतायत, "दीडशहाणे! उंटावरचे शहाणे! बसल्या जागी लोकांचे संसार बुडवणारे! मुकादम! ओ मुकादम, इकडे या आणि नीट बघून ठेवा!"

मुकादम आला. नीट बघितलं.

मी भयंकर चिडलो. चुकलं माझं, मान्य, शंभर वेळा मान्य. पण माफी मागायला आलेल्या माणसाच्या तोंडावर चादर? तडक खोलीत आलो आणि ओल्या शर्टानेच दोघींविरुद्ध तक्रार लिहिली. साक्षीदार मुकादम. आवक विभागात शिक्का मारून घेतला, पोच घेतली.

एक मात्र समजलं नाही. हल्ला करणाऱ्या बाजूनेच साक्षीदाराला हाक का मारावी?

संध्याकाळी बायकोसमोर हा प्रश्न ठेवला. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. हसता हसता खाली बसली. डोळ्यांतून पाणी.

"तक्रार दिलीत? शिक्का मारून?"

"अर्थात!"

"अहो, मग आता त्यांना कामावरून काढता येईल का?"

मी चौदावं कलम मनात म्हणून पाहिलं. मग मीही खाली बसलो.

तरी एक शंका आहेच. इस्त्रीवाल्या बाईंचे डोळे चादर फेकताना लालबुंद होते. तो राग खोटा नव्हता. म्हणजे मला वाट दाखवली, की खरंच मारलं? बायको म्हणते, दोन्ही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं. चहा नव्हता.

"हा काय पोरखेळ आहे? तक्रार मागे घ्या."

अधिकारीच तक्रारदार असला की प्रकरण बाहेरच्या अधिकाऱ्याकडे जातं, साहेबांना ते बंद करता येत नाही. फक्त मी करू शकतो. हे त्यांना माहीत होतं, आणि प्रथमच मलाही माहीत होतं.

"साहेब, माझा चष्मा फुटला."

"नवा घ्या. कायम व्हायचंय की नाही? पुन्हा तळघरात जायचंय?"

खरं लिहितो, जायचं नाहीये. त्या खोलीत खिडकी नाही. इथे दुपारी टेबलावर ऊन येतं. शेजाऱ्यांना सांगून झालंय, पाटीही रंगवायला दिली आहे. म्हटलं, "विचार करून सांगतो." बाहेर आलो आणि दहा मिनिटं जिन्यात उभा राहिलो. काय विचार करायचा तेच सुचेना. एका पारड्यात खिडकी आणि दुसऱ्यात माणूस, यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी दहा मिनिटं लागली, हे लाजिरवाणं आहे.

परत आत गेलो. "साहेब, माझा फार अपमान झालाय. मी मागे घेणार नाही."

"तुम्ही?" ते म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

बाहेरच्या अधिकारी आल्या. तरुण मुलगी, हातात तीच निळी पुस्तिका, प्रामाणिक चेहरा. मला स्वतःलाच समोर पाहिल्यासारखं झालं. ही फार चांगलं काम करणारी निघाली तर?

तिने मला गोड आवाजात विचारलं, "काका, त्यांनी माफी मागितली तर तुमचं समाधान होईल का?"

"नाही."

"मग कशाने होईल?"

"ते मलाच कळत नाहीये," मी म्हणालो. त्या वेळी तरी हे खरं होतं. समोर घडीवाल्या बाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "मी माफी मागणारच नाही. याच माणसाने माझा घात केला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला खाली बघावं लागलं. ते वाक्य नाटकातलं नव्हतं, निदान सगळं नव्हतं.

मुलीने कपाळाला हात लावला. पुढची तारीख नऊ एप्रिल.

गुरुवार, २० मार्च

परवा माझं पत्र आलं. एक एप्रिलपासून रेकॉर्ड रूम. तात्पुरती नेमणूक संपणं म्हणजे हलवणं नव्हे, म्हणून कलम चौदा मला लागू नाही. शेरा एका ओळीचा: संघर्ष हाताळण्यास असमर्थ. बायकोने वाचून घडी करून कपाटात ठेवलं. म्हणाली, "असू द्या. तिथे तुम्ही कोणाचं भलं करायला जाणार नाही, तेवढंच बरं." आणि जेवताना न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

आज ऑपरेशन. मी हातात एक फाइल घेऊन सकाळपासून त्या कॉरिडॉरमध्ये चकरा मारत होतो. फाइल रिकामी होती. बाकावर दोघी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही बघत नव्हतो. प्रकरण चालू असताना दोन्ही बाजूंनी बोलू नये. चार तास लागले. मग डॉक्टर बाहेर आले, दोघी उठल्या, ते काहीतरी बोलले. दूरवरून मला फक्त ओठ दिसले. घडीवाल्या बाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, संपलं.

इस्त्रीवाल्या बाई आत गेल्या. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आल्या आणि थेट माझ्या दिशेने चालत आल्या. मागून मोठ्या साहेबांचा शिपाई येत होता. त्याला पाहून त्या खड्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इथे कशाला आलात? तुमचं तोंड बघायची इच्छा नाही माझी!"

"मी काही तुमच्यासाठी आलेलो नाही," मी म्हणालो. आवाज चिरकला. "माझी तक्रार कायम आहे."

"असू दे कायम! मी माफी मागणार नाही, सांगून ठेवते!"

"मागूच नका!"

शिपाई मान हलवत निघून गेला. बाई तिथेच उभ्या राहिल्या.

"डोळे उघडले त्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "मला नावाने हाक मारली."

आणि भिंतीला टेकून रडायला लागल्या. मला काय करावं ते कळेना. त्यांच्या शेजारी मीही भिंतीला टेकलो, आणि मलाही रडू फुटलं.